अर्देशीर कर्सेटजी वाडिया

अर्देशीर कर्सेटजी वाडिया (६ ऑक्टोबर १८०८, मुंबई – १६ नोव्हेंबर १८७७, रिचमंड, इंग्लंड) हे एकोणिसाव्या शतकातील भारतीय जहाजबांधणीकार आणि अभियंते होते. मुंबईच्या गोदीत पिढ्यान् पिढ्या जहाजे बांधणाऱ्या वाडिया घराण्यात त्यांचा जन्म झाला. लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो म्हणून निवडले गेलेले ते पहिले भारतीय होत. वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्यांनी 'इंडस' हे साठ टनी जहाज स्वतः आखून पाण्यात उतरवले आणि त्याला वाफेचे इंजिन जोडले. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई येथील स्टीम फॅक्टरीचे मुख्य अभियंता म्हणून त्यांच्या हाताखाली युरोपीय कारागीर आले. कंपनीच्या कारभारात ही गोष्ट तोवर घडलेली नव्हती.

घराणे आणि बालपण

वाडिया घराणे मूळचे सुरतेचे. जहाजाचे सुतारकाम करणाऱ्यास गुजरातीत जो शब्द होता त्यावरून हे आडनाव रूढ झाले. घराण्याचे मूळ पुरुष लवजी नसरवानजी हे १७३६ मध्ये काही सुतारांसह सुरतेहून मुंबईस आले. कंपनीला मुंबईत गोदी उभारायची होती आणि त्यासाठी सुरतेच्या कसबी हातांची गरज होती. लवजींनंतर गोदीतील मुख्य बांधणीकाराचे पद जवळजवळ दीडशे वर्षे याच घराण्यात राहिले. मलबारच्या सागवानातून त्यांनी घडवलेली जहाजे इंग्लंडच्या ओकच्या जहाजांपेक्षा अधिक टिकत. सागवानातील तेलकटपणामुळे लोखंडी खिळे लवकर गंजत नाहीत, तर ओकमधील आम्लामुळे ते खाल्ले जातात. ब्रिटिश आरमाराने मुंबईत युद्धनौका बांधून घेण्यास जी मान्यता दिली तिच्यामागे हे साधे कारण होते. जमशेटजी बमनजी यांनी बांधलेली 'कॉर्नवॉलिस' ही १८१३ ची युद्धनौका याच परंपरेतील असून १८४२ मध्ये नानकिंगच्या तहावर तिच्यावरच सह्या झाल्या. त्यांचीच १८१७ ची 'ट्रिंकोमाली' आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते संग्रहालय म्हणून पाहावयास मिळते.

अर्देशीर यांचे वडील कर्सेटजी रुस्तमजी हे गोदीतील बांधणीकार होते आणि पुढे मुख्य बांधणीकार झाले. घरच्या रीतीप्रमाणे अर्देशीर १८२२ मध्ये, चौदाव्या वर्षी, वडिलांच्या हाताखाली गोदीत दाखल झाले. या घराण्यातील मुलांचे शिक्षण प्रथम हातात वाकस देऊन होत असे. लाकूड ओळखणे, फळी वाकवणे, फटी भरणे ही कामे आली की मग आराखडे. अर्देशीरही याच वाटेने गेले. परंतु त्यांचे मन लाकडापेक्षा यंत्रात अधिक रमले, आणि तेही अशा वेळी की मुंबईत वाफेचे यंत्र ही दाखवायची व बघायची नवलाची वस्तू होती.

मुंबई आणि वाफ

अर्देशीर यांची आवड समजण्यासाठी त्या दशकातील मुंबईची अडचण लक्षात घेतली पाहिजे. शिडाच्या जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून लंडनचे टपाल यायला चार-सहा महिने लागत. तांबड्या समुद्रातून सुएझपर्यंत आगबोट नेता आली, तर तेथून वाळवंट ओलांडून भूमध्य समुद्र गाठता येईल आणि हा काळ निम्म्याहून कमी होईल, असे मुंबई सरकारला वाटत होते. लंडनमधील संचालकांना मात्र त्यातील खर्च तेवढा दिसत होता.

मुंबईच्या गोदीत या कामासाठी 'ह्यू लिंडसे' ही ४११ टनी आगबोट बांधण्यात आली. २० मार्च १८३० रोजी ती सुएझकडे निघाली. साडेपाच दिवस पुरेल एवढ्याच कोळशाची जागा तिच्यात होती. एडनपर्यंत पोचायचे म्हणून प्रवाशांच्या खोल्यांतही कोळसा भरला गेला. सुएझला पोचायला तिला सुमारे तेहतीस दिवस लागले, त्यांतले बरेचसे वाटेतल्या बंदरांत कोळसा भरण्यात गेले. हा कोळसा इंग्लंडहून शिडाच्या जहाजांनी आणून बंदराबंदरांत साठवावा लागे. असे असले तरी वाट खुली झाली होती. ज्या गोदीत हे घडत होते त्याच गोदीत एकवीस वर्षांचे अर्देशीर काम करीत होते. ह्यू लिंडसेचे लाकडी अंग मुंबईचे होते, यंत्र मात्र परदेशी. ते बसवणे, चालवणे आणि बिघडल्यास दुरुस्त करणे या तिन्ही कामांसाठी विलायती माणसावरच अवलंबून राहावे लागे. बॉयलरमध्ये समुद्राचेच पाणी उकळत असल्याने आत मिठाचा थर साचे आणि तो वेळोवेळी काढावा लागे. अशा खटपटीची दुरुस्ती करू शकणारी माणसे मुंबईत बोटांवर मोजण्याइतकी होती.

अर्देशीर यांनी आपल्या बळावर प्रथम एका अश्वशक्तीचे लहान इंजिन तयार केले. विहिरीचे पाणी वर खेचून कारंज्याला पुरवणे एवढेच त्याचे काम होते. त्याचा उपयोग किरकोळ असला तरी त्याचे महत्त्व निराळे होते. सिलिंडर, दट्ट्या, झडप आणि बॉयलर हे एकमेकांत बेमालूम बसले नाहीत तर वाफ कुठूनही निसटते आणि यंत्र हलतही नाही. त्यामुळे कारंजे उडू लागले याचा अर्थच असा की या तरुणाने यंत्राचा प्रत्येक भाग अचूक घडवला आहे.

'इंडस'

१८३३ मध्ये त्यांनी 'इंडस' नावाचे साठ टनी समुद्रगामी जहाज आखले आणि पाण्यात उतरवले. आकाराने ते ह्यू लिंडसेच्या सातव्या हिश्श्याएवढे होते. मुंबईच्या गोदीतून हजारो टनांच्या युद्धनौका बाहेर पडलेल्या लोकांना साठ टन म्हणजे फारसे काही वाटले नसते. पण मोठी जहाजे सरकारच्या वा व्यापाऱ्याच्या मागणीवरून बांधली जात. इंडस ही एका तरुण बांधणीकाराने आपल्या कल्पनेने केलेली रचना होती आणि तिचा मुख्य हेतू सिद्ध करून दाखवणे हाच होता.

लाकडी जहाजात वाफेचे इंजिन बसवणे ही नुसती जोडणी नसते. शिडाच्या जहाजात माल तळाशी सारखा पसरता येतो आणि डोलकाठ्यांचा ताण ठरलेल्या जागी येतो. इंजिन आणि बॉयलर यांचे वजन मात्र जहाजाच्या मध्यभागी एका ठिकाणी पडते, आणि दोन्ही बाजूंची चाके पाण्यावर आपटताना सारा सांगाडा हादरतो. कोळसा जळत जाईल तसे जहाज हलके होऊन वर येते आणि चाके पाण्यात किती बुडतात तेही बदलते. म्हणून तळाचा कणा, आडव्या तुळया, इंजिनाखालची बैठक आणि चाकांचा आस या सगळ्यांचा विचार लाकूड कापण्याआधीच करावा लागतो. लहान जहाजात तर चुकीला जागाच नसते. सुतार आणि यंत्रज्ञ हे दोन निराळे लोक असत, तेव्हा त्यांचे हिशेब जुळत नसत. अर्देशीर यांच्या बाबतीत दोन्ही हिशेब एकाच डोक्यात होते.

काही लेखनात इंडसचे इंजिनही अर्देशीर यांनीच घडवल्याचे श्रेय दिलेले आढळते. रॉयल सोसायटीपुढे त्यांच्यासाठी जी शिफारस ठेवली गेली तिच्यात मात्र त्यांनी साठ टनी जहाज बांधून त्याला वाफेचे इंजिन जुळवून बसवले, असाच उल्लेख आहे. आठ वर्षांनी लंडनमधील विद्वानांना त्यांचे नाव सुचवताना त्यांच्या घराण्याच्या प्रचंड युद्धनौका नव्हेत, तर ही लहानशी बोट पुढे करण्यात आली, हे विशेष.

मुंबईत जलावतरण हा खुला समारंभ असे. जहाज बांधताना कण्यात चांदीचा खिळा ठोकण्याची वाडिया घराण्याची रीत होती, आणि जहाज घसरणीवरून पाण्यात सरकताना पाहायला साहेबांपासून हमालांपर्यंत सगळे जमत. आजच्या भाषेत ज्याला प्रदर्शन म्हणतात त्याची ही जागा होती. बांधणाऱ्याची विद्या, पत आणि घराण्याचे नाव त्या काही क्षणांत सर्वांच्या डोळ्यांसमोर पणाला लागे. जहाज अडकले किंवा कलले तर ते लपवायला जागा नसे.

इंडसनंतर अर्देशीर यांची माझगाव येथे साहाय्यक बांधणीकार म्हणून नेमणूक झाली.

माझगावचा बंगला

माझगाव त्या काळी धनिकांच्या बागबंगल्यांचे ठिकाण होते. पूर्वेला बंदराचे शांत पाणी आणि त्यापलीकडे न्हावा, शेवा, उरणचा किनारा. आज तेथे नवी मुंबईच्या दक्षिणेस १९८९ मध्ये सुरू झालेले मोठे बंदर आहे. तेव्हा मिठागरे आणि कोळीवाडे होते. अर्देशीर यांनी आपल्या घरीच लहान ओतशाळा उभारली आणि तीत जहाजांना लागणारे घडीव लोखंडाचे टाक्यांचे भाग तयार करू लागले.

१८३४ मध्ये त्यांनी आपला बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळून दाखवली. दगडी कोळसा बंद भांड्यात तापवून निघणारा वायू चुन्यातून शुद्ध करायचा, पाण्यावर तरंगणाऱ्या टाकीत साठवायचा आणि नळ्यांतून दिव्यांपर्यंत न्यायचा, अशी ही पद्धत. लंडनच्या रस्त्यांना ती परिचित असली तरी मुंबईने अशी रोषणाई पाहिली नव्हती. गव्हर्नर लॉर्ड क्लेअर स्वतः ती पाहायला आले आणि त्यांनी अर्देशीर यांना मानाचा पोशाख दिला. मुंबई शहराच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे येण्यास त्यानंतर सुमारे तीस वर्षे जावी लागली.

कारंजे, आगबोट आणि गॅसचे दिवे या तिन्ही प्रयोगांत एक सारखेपणा दिसतो. अर्देशीर यांनी शोधनिबंध लिहिले नाहीत, यंत्रे करून लोकांपुढे मांडली. ज्या समाजात एतद्देशीय माणसाच्या यांत्रिक बुद्धीवर राज्यकर्त्यांचा सहसा विश्वास नव्हता, तेथे प्रात्यक्षिकाशिवाय दुसरा पुरावा चालण्यासारखा नव्हता. १८३७ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने त्यांना अनिवासी सभासद करून घेतले.

इंग्लंडचा प्रवास

१८३९ मध्ये एकतिसाव्या वर्षी ते युद्धनौकांना लागणाऱ्या सागरी इंजिनांचा अभ्यास करण्यासाठी इंग्लंडला निघाले. त्यांनी धरलेला मार्ग म्हणजे नऊ वर्षांपूर्वी ह्यू लिंडसेने खुला केलेलाच मार्ग होता: तांबडा समुद्र, सुएझ, वाळवंट, कैरो, अलेक्झांड्रिया आणि मग भूमध्य समुद्र. या प्रवासाची त्यांची रोजनिशी १८४० मध्ये लंडनमध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांचेच दोन आप्त, जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी, हे जहाजबांधणी शिकण्यासाठी आधीच तेथे होते. त्या दोघांनीही पुढे आपल्या मुक्कामावर पुस्तक लिहिले. इंग्लंडविषयी भारतीयांनी त्या काळात लिहिलेल्या मोजक्या पुस्तकांत या दोन्हींची गणना होते, आणि ती दोन्ही एकाच गोदीतल्या घराण्याकडून आली आहेत.

सुमारे वर्षभराच्या मुक्कामात अर्देशीर यांनी इंजिनांचे कारखाने व गोद्या पाहिल्या. राणी व्हिक्टोरियाच्या दरबारात त्यांना सादर करण्यात आले. चीनशी अफूवरून युद्ध पेटले होते. या व्यापारात मुंबईच्या पारशी पेढ्यांचा मोठा पैसा गुंतला होता. अफूच्या व्यापाराची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीच्या कामकाजालाही अर्देशीर उपस्थित होते. इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स या संस्थेने त्यांना आपल्यात घेतले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कंपनीच्या संचालकांनी त्यांची मुंबईच्या स्टीम फॅक्टरीचे मुख्य अभियंता आणि यंत्रांचे निरीक्षक म्हणून नेमणूक केली.

रॉयल सोसायटी

२७ मे १८४१ रोजी त्यांची रॉयल सोसायटीच्या फेलोपदी निवड झाली. शिफारसीत त्यांचे वर्णन जहाजबांधणीचे शास्त्र व प्रत्यक्ष काम या दोहोंत निष्णात आणि विज्ञानाला वाहिलेले गृहस्थ असे होते. मुंबईत गॅसचे दिवे आणणे आणि इंडस हे दोन पुरावे म्हणून मांडले होते. निवड झाली तेव्हा अर्देशीर लंडनमध्ये नव्हते. ते आधीच मुंबईला परतून कामावर रुजू झाले होते.

श्रीनिवास रामानुजन हे रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. ते बरोबर नाही. रामानुजन यांची निवड १९१८ मध्ये, म्हणजे अर्देशीर यांच्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी झाली आणि ते दुसरे भारतीय होते. या गैरसमजाचे एक कारण असे असावे की रामानुजन यांनी गणिताचे मूलगामी संशोधन केले, तर अर्देशीर यांच्या काळात सोसायटी विज्ञानाचा प्रसार व उपयोजन करणाऱ्या प्रतिष्ठितांनाही सभासद करून घेत असे. दोघांची योग्यता निराळ्या प्रकारची होती, पण निवडीचा क्रम त्यामुळे बदलत नाही.

स्टीम फॅक्टरी

१ एप्रिल १८४१ रोजी अर्देशीर यांनी स्टीम फॅक्टरीचा कार्यभार घेतला. कंपनीच्या आगबोटींची इंजिने बसवणे, तपासणे, दुरुस्त करणे आणि त्यांचे सुटे भाग घडवणे ही या कारखान्याची कामे होती. त्यांच्या हाताखाली युरोपीय साहाय्यक व मुकादम, सुमारे शंभर युरोपीय यंत्रज्ञ व बॉयलर बनवणारे आणि सुमारे दोनशे एतद्देशीय कारागीर होते. गोऱ्या कामगारांवर हिंदी अधिकारी ही गोष्ट मुंबईच्या इंग्रजी वर्तुळाला रुचली नाही. बॉम्बे टाइम्सने एतद्देशीय माणूस कितीही हुशार व शिकलेला असला तरी अशा आस्थापनेवर असू नये अशी भूमिका घेतली. टीकेचा रोख त्यांच्या कामावर नव्हता, जन्मावर होता, आणि त्यामुळे तिला कामाने उत्तर देणेही अवघड होते. एका इंजिनाचा बिघाड इतर कोणाच्या बाबतीत बिघाड ठरला असता. अर्देशीर यांच्या बाबतीत तो त्या भूमिकेचा पुरावा ठरला असता. या स्थितीत ते सोळा वर्षे पदावर राहिले.

ही वर्षे वाफेच्या युद्धनौकांची होती. १८४२ मध्ये मुंबईत 'सेमिरामिस' बांधली गेली. १८५४ मध्ये 'असई' आणि 'पंजाब' या मोठ्या चाकांच्या आगबोटी पाण्यात उतरल्या. यांचे लाकूडकाम अर्देशीर यांचे वडील कर्सेटजी यांच्या देखरेखीखाली झाले. म्हणजे काही काळ जहाजाचे अंग वडिलांकडे आणि मुंबईतील वाफेची सारी व्यवस्था मुलाकडे अशी स्थिती होती. 'पंजाब' पुढे जॉन विलिस या जहाजमालकाने विकत घेतली, तिचे इंजिन काढून टाकले आणि 'ट्वीड' या नावाने तिला शिडाचे वेगवान जहाज केले. तिच्या चालीवर खूश होऊन विलिसने आपल्या पुढच्या जहाजात तिच्या बांध्याचे गुण घ्यायला लावले. ते जहाज म्हणजे लंडनच्या ग्रिनिच येथे जतन केलेले 'कटी सार्क'. वाफेसाठी बांधलेले मुंबईचे जहाज वाफ काढून टाकल्यावर अधिक नावाजले गेले, ही गंमत अर्देशीर यांना कितपत आवडली असती कोण जाणे.

घराण्याच्या दृष्टीने मात्र या काळात एक पेच तयार होत होता. वाडियांची कीर्ती सागवानावर उभी होती. वाफ आली, तिच्यामागून लोखंडी सांगाडे आणि चाकांऐवजी पंखा आला, तशी लाकडी जहाजांची मागणी ओसरू लागली. लोखंड आणि कोळसा दोन्ही इंग्लंडकडे विपुल, मुंबईकडे नाही. ज्या विद्येत अर्देशीर यांनी नाव मिळवले तीच त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या धंद्याला उतरती कळा लावणारी ठरली. १८६३ मध्ये कंपनीकडून आलेले जुने भारतीय आरमारच मोडण्यात आले, आणि मुख्य बांधणीकारांची वाडिया परंपरा १८८० च्या दशकात संपली. अर्देशीर नसते तरीही हे झालेच असते. मात्र ते येताना दिसणाऱ्या मुंबईतील मोजक्या माणसांपैकी ते एक होते.

अमेरिका आणि 'लवजी फॅमिली'

१८४९ मध्ये त्यांनी पुन्हा परदेशप्रवास केला आणि या वेळी ते अमेरिकेलाही गेले. तेथे गेलेल्या पहिल्या पारशांत त्यांची गणना होते. अमेरिकेत मजुरी महाग असल्याने लाकूड कापण्याची यंत्रे इंग्लंडपेक्षाही पुढारलेली होती. मुंबईसाठी त्यांनी अशी यंत्रे घेतली. सुतारांच्या घराण्यातील माणसाने लाकूड कापण्यासाठी यंत्र आणावे, यात त्यांची सारी दृष्टी आली.

फेब्रुवारी १८५१ मध्ये 'लवजी फॅमिली' ही त्यांची आगबोट पाण्यात उतरली. तिचे भाग त्यांच्या घरच्या ओतशाळेत तयार झाले होते. इंडसच्या वेळी इंजिन जुळवून बसवणे हेच श्रेय होते. अठरा वर्षांनी यंत्रासह सारे जहाज माझगावात घडले. जहाजाला घराण्याचेच नाव दिले गेले. मुंबईकर व्यापाऱ्यांची किंवा ब्रिटिश सेनापतींची नावे जहाजांना देण्याची चाल असताना हे नाव लक्षात राहते. त्याच वर्षी १ मे रोजी लंडनच्या स्फटिकमहालात जगभरच्या उद्योगांचे महाप्रदर्शन उघडले आणि तेथे भारताच्या दालनात शाली, रत्ने व हस्तिदंत पाहायला लोकांची झुंबड उडाली. भारतीय माणसाच्या कारखान्यातून निघालेली आगबोट त्या वेळी मुंबईच्या पाण्यात होती.

शिवणयंत्र, विद्युत्‌विलेपन आणि वाफेच्या पंपाने बागायतीस पाणी देणे या गोष्टी मुंबईत आणण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते. १८५५ मध्ये त्यांना जस्टिस ऑफ द पीस करण्यात आले.

रिचमंड

१ ऑगस्ट १८५७ रोजी ते नोकरीतून निवृत्त झाले आणि पुढच्या वर्षी इंग्लंडला गेले. मुंबईत त्यांची पत्नी आवाबाई आणि कुटुंब होते. इंग्लंडमध्ये त्यांनी मरियन बार्बर या इंग्रज स्त्रीबरोबर संसार केला व त्यांना मुलेही झाली. त्या काळच्या पारशी समाजात अशा नात्याला स्थान नव्हते. लंडनजवळ थेम्सकाठी असलेल्या रिचमंड येथे त्यांचे पुढचे आयुष्य बहुतांशी गेले.

एकदा ते पुन्हा भारतात कामासाठी आले. १८६१ मध्ये सिंधू नदीवर आगबोटी चालवणाऱ्या इंडस फ्लोटिला कंपनीचे अधीक्षक अभियंता म्हणून त्यांनी कोटरी येथील कारखाना व आगबोटींची जबाबदारी घेतली. कराचीहून आलेला रेल्वेमार्ग कोटरीला नदीकाठी संपे आणि तेथून पुढे मुलतानकडे माल व माणसे पाण्यावाटे जात. सिंधूचे पात्र उथळ, वाळूचे आणि दर पावसाळ्यानंतर वाट बदलणारे असल्याने तेथे समुद्रातल्या बोटींचा अनुभव पुरा पडत नसे. काही वर्षांनी ते रिचमंडला परतले. १६ नोव्हेंबर १८७७ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. तेव्हा ते एकोणसत्तर वर्षांचे होते. सुएझचा कालवा उघडून आठ वर्षे झाली होती आणि मुंबई-लंडन आगबोटींच्या ये-जा करण्याचे कोणाला अप्रूप राहिले नव्हते.

नावाविषयी

समकालीन इंग्रजी कागदपत्रांत त्यांचे नाव अर्देशीर कर्सेटजी एवढेच येते. वाडिया हे आडनाव बहुधा गाळलेले असते. पारशी कुटुंबांत तेव्हा आपले नाव आणि वडिलांचे नाव लिहिण्याची पद्धत होती. रॉयल सोसायटीच्या जुन्या याद्यांत शोध घेणाऱ्याने त्यामुळे वाडिया या अक्षराखाली न पाहता कर्सेटजी या नावाखाली पाहावे. भूवैज्ञानिक दाराशा नोशेरवान वाडिया यांच्याशी त्यांची गल्लत करू नये. ते १९५७ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

स्मृती

भारतीय टपाल खात्याने २७ मे १९६९ रोजी अर्देशीर कर्सेटजी वाडिया यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. रॉयल सोसायटीवरील त्यांच्या निवडीला त्या दिवशी एकशे अठ्ठावीस वर्षे पूर्ण झाली होती.